स्प्रिंट प्लॅनिंग: कोणत्या क्रमाने करायचं आणि ते कुठे बिघडतं

स्प्रिंट म्हणजे काम पूर्ण करायचा ठरावीक, लहान कालावधी. सॉफ्टवेअरच्या बहुतेक टीममध्ये त्याच्या सुरुवातीच्या प्लॅनिंगची मीटिंग अशी चालते. स्क्रीनवर बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी, उघडतात, वरून एकेक टिकीट (एका कामाची नोंद) वाचतात, कामाच्या आकारानुसार पॉइंट देतात आणि बेरीज मागच्या स्प्रिंटच्या आकड्याजवळ आली की थांबतात. शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी त्या सगळ्या टिकिटांना सामावून घेणारं एक वाक्य लिहितं आणि तो स्प्रिंट गोल (स्प्रिंटचं उद्दिष्ट) ठरतो. दोन आठवड्यांनी बरंचसं काम अर्धवट राहतं, ते पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं जातं आणि सगळ्यांचं एकमत होतं की आपले अंदाज चुकतात.

अंदाज थोडेफार चुकणारच. मोठा घोळ क्रमाचा असतो. वेळ किती आहे हे मोजण्याआधी काम उचललं जातं, आणि कशासाठी हे ठरण्याआधी काय करायचं ते ठरतं. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. उदाहरणासाठी पाच जणांची टीम आणि दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाच्या १० दिवसांचा स्प्रिंट धरला आहे. टेस्टिंग करणारेही या पाचांतच आले. काम आहे: पासवर्ड विसरलेल्या ग्राहकाला तो स्वतः बदलता येणं.

टप्पा १: प्लॅनिंगच्या आधीच बॅकलॉगचा वरचा भाग तयार करा

टीमने एखादी स्टोरी, म्हणजे ग्राहकाच्या नजरेतून लिहिलेलं एक काम, प्लॅनिंगच्या मीटिंगमध्येच पहिल्यांदा पाहिली, तर तास तिच्या अर्थावरच जातो आणि बाकीच्या स्टोरीज घाईत उचलल्या जातात. त्यामुळे रिफाइनमेंट, म्हणजे पुढच्या स्टोरीज समजून घेऊन स्पष्ट करणं, चालू स्प्रिंटमध्येच उरकायचं. आठवड्यातून एकदा तासभर बसलं तरी पुरतं. शेवटची बैठक प्लॅनिंगच्या दोन-तीन दिवस आधी घ्या, म्हणजे निघालेल्या प्रश्नांची उत्तरं आणायला प्रॉडक्ट ओनरला (कोणतं काम आधी करायचं हे ठरवणाऱ्याला) वेळ मिळतो.

सगळा बॅकलॉग तयार करण्याच्या फंदात पडू नका. दीड ते दोन स्प्रिंट पुरेल एवढाच वरचा भाग स्वच्छ हवा. खालच्या टिकिटांचं पुढे काय होईल हे आज कोणालाच माहीत नसतं. त्यांच्यावर घालवलेला वेळ बहुधा वाया जातो.

तयार स्टोरी म्हणजे काय, ते आपल्या उदाहरणावर पाहू. बॅकलॉगमध्ये लिहिलेलं असतं: "फरगॉट पासवर्ड करणे." एवढ्यावर पाच जणांच्या डोक्यात पाच वेगळी फीचर्स उभी राहतात. रिफाइनमेंटमध्ये विचारायचे प्रश्न असे:

- ईमेलमधली लिंक किती वेळ चालेल? एकदा वापरली की बाद होईल का?
- पासवर्ड बदलल्यावर दुसऱ्या डिव्हाइसवर चालू असलेलं लॉगिन तसंच राहील का?
- एकाच माणसाने पाठोपाठ वीस वेळा लिंक मागितली तर?
- खातंच नसलेला ईमेल टाकला तर स्क्रीनवर काय दिसेल?

शेवटचा प्रश्न सहज सुटून जातो. खातं असो वा नसो, संदेश एकच दाखवायचा. नाहीतर बाहेरचा माणूस एकेक ईमेल टाकून कोणाचं खातं आहे हे शोधून काढू शकतो. हे आधी ठरलं नाही तर ते आठव्या दिवशी कोड रिव्ह्यूमध्ये (सहकारी कोड तपासताना) ठरतं, आणि मग स्क्रीन, सर्व्हरवरचा कोड आणि टेस्ट तिन्ही पुन्हा उघडावे लागतात. ही उत्तरं स्टोरीखालीच, स्वीकाराच्या अटी म्हणून लिहा. चॅटमध्ये ठरलेलं उत्तर दोन दिवसांनी कोणालाच सापडत नाही.

तपासा: ज्याने स्टोरी लिहिली त्याला गप्प बसवून दुसऱ्याला ती आपल्या शब्दांत सांगायला लावा. तो अडखळला तर स्टोरी तयार नाही.

टप्पा २: स्टोरी कापा, मग अंदाज करा

स्टोरी मोठी आहे म्हटलं की टीम ती डेटाबेस, एपीआय (स्क्रीन आणि सर्व्हर यांना जोडणारा कोड) आणि स्क्रीन अशी तीन टिकिटं करून कापते. ही कापणी आडवी झाली. यातलं एक टिकीट पूर्ण झालं तरी ग्राहकाला काहीच मिळत नाही, आणि शेवटच्या दिवशी तिन्ही "जवळजवळ झाली" अशी लटकतात. स्टोरी उभी कापायची, म्हणजे प्रत्येक तुकडा कितीही लहान असला तरी वापरून पाहता येईल असा निघाला पाहिजे:

1. साध्या मजकुराचा ईमेल जातो, लिंक ठरावीक वेळच आणि एकदाच चालते, पासवर्ड बदलतो.
2. वारंवार लिंक मागणाऱ्याला थांबवलं जातं.
3. पासवर्ड बदलताच बाकीची लॉगिन बंद होतात.
4. ईमेलला नीट डिझाइन आणि वेगवेगळ्या भाषांतला मजकूर मिळतो.

लिंकची मुदत मुद्दाम पहिल्याच तुकड्यात ठेवली आहे. सुरक्षेचा गाभा कापून "नंतर करू" म्हणायचं नसतं. पहिले तीन तुकडे होईपर्यंत रिलीज नाही. चौथा पुढच्या स्प्रिंटमध्ये गेला तरी कोणाचं अडत नाही. कापताना ही रेघ कुठे पडते ते लिहून ठेवा, टप्पा ७ मध्ये तीच कामी येते.

आता पॉइंट. अंदाजासाठी १, २, ३, ५, ८, १३ अशा आकड्यांचे पत्ते वापरत असाल तर सगळ्यांनी एकाच वेळी उघडायचे. आधी सीनियरने आकडा सांगितला की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे झुकतात आणि पत्त्यांचा उपयोग संपतो. एकाने ३ दाखवले आणि दुसरीने ८, तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. दोघांनाही कारण विचारा. आठ म्हणणारीला बहुतेक वेळा काहीतरी असं माहीत असतं जे बाकीच्यांनी धरलेलं नसतं, उदाहरणार्थ जुन्या खात्यांचे पासवर्ड वेगळ्या पद्धतीने साठवलेले आहेत. पॉइंटचा खरा फायदा हे बाहेर येण्यात आहे.

१३ आले तर स्टोरी पुन्हा कापा. कापताच येत नसेल, कारण तंत्रच अनोळखी आहे, तर आधी एक दिवसाचा स्पाइक (उत्तर शोधण्यापुरता प्रयोग) घ्या. स्पाइकच्या शेवटी प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे. तिथे लिहिलेला कोड फेकून द्यायच्या तयारीनेच लिहा.

सावधान: पॉइंटचे तास करू नका आणि दोन टीमच्या पॉइंटची तुलना करू नका. पॉइंट त्या टीमच्या स्वतःच्या जुन्या कामाच्या तुलनेत दिलेले असतात, बाहेर त्यांना अर्थ नाही. वरून पॉइंट वाढवायचा दबाव आला की पॉइंट वाढतात, काम तेवढंच राहतं.

टप्पा ३: हातात खरोखर किती वेळ आहे ते मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, म्हणून आकड्यांनिशी पाहू. पाच जण, दहा दिवस: कागदावर माणशी दिवस धरून ५०.

- एकाची ३ दिवस रजा, एकीचं २ दिवस प्रशिक्षण. उरले ४५.
- प्लॅनिंग, रोजची १५ मिनिटांची बैठक, रिफाइनमेंट, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवण्याची बैठक) आणि रेट्रो (काम कसं झालं याचा टीमचा आढावा) मिळून माणशी १० ते ११ तास, म्हणजे सुमारे सव्वा ते दीड दिवस. पाच जणांचे मिळून ७ दिवस. उरले ३८.
- प्रॉडक्शनमधले, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमधले, बग आणि सपोर्ट. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये त्यावर ६, ९ आणि ६ दिवस गेले, म्हणजे सरासरी ७. उरले ३१.

पन्नास दिसत होते, हातात एकतीस आहेत. हा हिशेब मीटिंग सुरू होण्याआधी स्क्रम मास्टरने (टीमची कामाची पद्धत नीट चालते ना हे पाहणाऱ्याने) किंवा कोणीही एकाने करून ठेवावा. टीमला फक्त रजा आणि सपोर्टचे आकडे दुरुस्त करू द्या.

दिवसांऐवजी व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) वापरत असाल तर इथे एक नेहमीची चूक होते. समजा मागच्या चार स्प्रिंटमध्ये २४, ३१, २२ आणि २७ पॉइंट पूर्ण झाले. सरासरी २६. या २६ मध्ये मीटिंग आणि सपोर्टचा वेळ आधीच वजा झालेला आहे, कारण तो जाऊनच एवढं काम झालं होतं. तो पुन्हा वजा केलात तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. नेहमीपेक्षा वेगळं काय आहे तेवढंच वजा करा: यावेळी ५० पैकी ५ दिवस जास्तीचे जाताहेत, म्हणजे एक दशांश, तर २३ च्या आसपास धरा. आणि त्या चारांतला ३१ पॉइंटचा आकडा विसरा. तो चांगला स्प्रिंट होता, पण नियोजन चांगल्या स्प्रिंटवर बेतायचं नसतं.

तपासा: सपोर्टला किती वेळ गेला याची नोंदच नसेल, तर या स्प्रिंटपासून ठेवायला लागा. बोर्डावर (जिथे कामांची कार्डं टप्प्यांच्या रकान्यांत लावलेली असतात) वेगळ्या रंगाचं लेबल लावलं तरी भागतं.

टप्पा ४: आधी गोल, मग टिकिटं

स्क्रम गाइडच्या, म्हणजे स्क्रम या कार्यपद्धतीच्या मूळ पुस्तिकेच्या, २०२० च्या आवृत्तीत प्लॅनिंगचे तीन विषय याच क्रमाने येतात: हा स्प्रिंट मोलाचा का आहे, त्यात काय पूर्ण होऊ शकतं आणि ते काम कसं होणार. मीटिंगची सुरुवात पहिल्या प्रश्नाने करा. प्रॉडक्ट ओनरने मसुदा घेऊन यावं, टीमने तो घासूनपुसून पक्का करावा.

"४१२ ते ४१९ ही टिकिटं पूर्ण करणे" हा गोल होत नाही. "लॉगिन, रिपोर्ट आणि पेमेंटमध्ये सुधारणा" हाही नाही. ते तीन कामांचं एकत्र बांधलेलं गाठोडं आहे. आपल्या उदाहरणातला गोल असा लिहिता येईल: "पासवर्ड विसरलेल्या ग्राहकाला मदत केंद्राला फोन न करता आपल्या खात्यात परत शिरता यावं."

असा गोल सातव्या दिवशी उपयोगी पडतो. ईमेलच्या डिझाइनचं काम अडलं तर साध्या मजकुरानेही गोल गाठता येतो, हे वाक्य वाचूनच कळतं. टिकिटांच्या यादीवरून ते कळत नाही.

तपासा: दोन-तीन टिकिटं बदलली तरी गोल गाठता येईल का? उत्तर नाही असेल तर तुम्ही टिकिटांची यादीच दुसऱ्या शब्दांत लिहिली आहे.

टप्पा ५: काम उचला

गोलला लागणाऱ्या स्टोरीज आधी, मग बॅकलॉगच्या क्रमाने बाकीच्या. क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो, किती उचलायचं हे काम करणारे ठरवतात. "आणखी एक लहानसं टिकीट टाका ना" ही विनंती याच वेळी येते. तेव्हा टप्पा ३ चा आकडा स्क्रीनवर असू द्या, म्हणजे नाही म्हणायला माणसाला भिडस्तपणा सोडावा लागत नाही.

उरलेली जागा भरायची म्हणून भरू नका. ३१ दिवसांपैकी २६-२७ दिवसांचं काम ठरलं तरी बस. पहिल्या आठवड्यात मोकळीक राहिली तर बॅकलॉगमधून काम कधीही वर ओढता येतं. उलट दिशेने, म्हणजे चालू काम अर्धवट खाली सोडणं, फार महागात पडतं.

वरच्या लोकांना सांगताना फरक स्पष्ट ठेवा: टीमची बांधिलकी गोलशी आहे, उचललेल्या टिकिटांची यादी हा अंदाज आहे. टिकिटांच्या यादीलाच वचन मानलं की टीम पुढच्या वेळी फुगवलेले आकडे देते.

टप्पा ६: कामं एका दिवसाच्या मापात फोडा

सगळ्या स्टोरीज शेवटपर्यंत फोडायची गरज नाही. पहिल्या तीन-चार दिवसांचं काम नीट फोडलं की पुढचं चालताना फोडता येतं. प्रत्येक तुकडा एका दिवसाच्या आत संपणारा हवा. तीन दिवस एकाच रकान्यात असलेलं कार्ड चाललं आहे की अडलं आहे, हे बोर्ड पाहून ओळखता येत नाही.

पहिल्या स्टोरीचे तुकडे साधारण असे पडतील: टोकन (लिंकमधला गुप्त कोड) तयार करून साठवणं, ईमेल पाठवणं, नवीन पासवर्डची स्क्रीन, मुदत संपलेल्या आणि वापरलेल्या लिंकच्या टेस्ट, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) डिप्लॉय. यादी करताना लक्षात येतं की ईमेल पाठवायची परवानगी दुसऱ्या टीमकडून घ्यावी लागणार आहे. अशी बाहेरची गोष्ट दिसली की मीटिंग संपायच्या आत त्या टीमला निरोप गेला पाहिजे आणि पाठपुरावा कोणी करायचा त्याचं नाव कार्डावर आलं पाहिजे. स्प्रिंट अडतो तो बहुतेक वेळा अशाच ठिकाणी.

सावधान: पहिल्याच दिवशी सगळी टिकिटं नावानिशी वाटू नका. प्रत्येक जण आपल्या टिकिटाला धरून बसतो, अडलेल्याकडे कोणी बघत नाही, आणि दहाव्या दिवशी पाच स्टोरीज अर्ध्यावर दिसतात.

"डन" म्हणजे काय ते इथेच एकदा मोठ्याने वाचा: कोड रिव्ह्यू झाला, टेस्ट पास झाल्या, स्टेजिंगवर चाललं, प्रॉडक्ट ओनरने पाहिलं. तुमच्या यादीत आणखी काही असेल. टेस्टिंगची टिकिटं वेगळी करून शेवटच्या दोन दिवसांत टाकत असाल तर ते आधी थांबवा.

मीटिंग संपवण्याआधी सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची: पाच म्हणजे पूर्ण खात्री, एक म्हणजे हे होणार नाही. कोणी दोन किंवा त्याहून कमी दाखवली तर त्याला काय दिसतंय ते ऐका आणि काम कमी करा. समजूत घालून तीन बोटं वर करायला लावलीत, तर पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही.

या सगळ्याला किती वेळ? महिनाभराच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंगची कमाल मर्यादा ८ तास आहे. त्या मानाने दोन आठवड्यांना ४ तास ही कमाल समजा. टप्पा १ ते ३ आधी झाले असतील तर दोन ते तीन तासांत उठता येतं. दर वेळी चार तासांच्या पुढे जात असेल तर मीटिंग वाढवू नका, रिफाइनमेंट सुधारा.

टप्पा ७: स्प्रिंट चालू असताना

रोजच्या १५ मिनिटांत माणसामाणसाने काल काय केलं, आज काय करणार असा पाढा म्हणायची सक्ती नाही. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. "डन"च्या सर्वांत जवळचं कार्ड आधी घ्या आणि ते आज पलीकडे न्यायला काय हवं ते विचारा. कोड रिव्ह्यूसाठी थांबलेलं कार्ड असेल तर नवीन काम कोणी उचलू नये.

एकाच वेळी किती कामं चालू ठेवायची याला मर्यादा घाला. त्याचं कारण साध्या भागाकारात आहे. बोर्डावर सरासरी १२ कामं चालू असतील आणि दिवसाला २ पूर्ण होत असतील, तर एकेका कामाला सरासरी ६ दिवस लागणार. त्याच वेगात चालू कामं ६ वर आणली तर ३ दिवस. पाच जणांच्या टीमला चालू रकान्यात ३ किंवा ४ स्टोरीजपासून सुरुवात करता येईल. दोघांनी मिळून एक स्टोरी संपवणं सुरुवातीला संथ वाटतं. दोन आठवडे करून बघा आणि किती कार्डं पलीकडे गेली ते मोजा.

पाचव्या दिवशी दहा मिनिटं वेगळी काढा. प्रश्न एकच: गोल अजून गाठता येईल का? नसेल तर प्रॉडक्ट ओनरबरोबर बसून काय वगळायचं ते आजच ठरवा. टप्पा २ मधली रेघ इथे उपयोगी पडते, चौथा तुकडा पहिला जातो. हीच चर्चा नवव्या दिवशी केली तर वगळायला काही उरलेलं नसतं.

मधेच तातडीचं काम आलं तर ते थेट डेव्हलपरच्या चॅटवर न येता प्रॉडक्ट ओनरकडून आलं पाहिजे, आणि आत येताना तेवढंच काम बाहेर गेलं पाहिजे. काय बाहेर गेलं ते बोर्डावर दिसू द्या. गोलच निरर्थक झाला असेल तर स्प्रिंट रद्द करता येतो, पण तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा आहे.

टप्पा ८: शेवटचा दिवस

रिव्ह्यूमध्ये चालणारं सॉफ्टवेअर दाखवा, स्लाइड नकोत. खरोखर नवीन पासवर्ड टाकून लॉगिन करून दाखवा, आणि जमलं तर माउस पाहुण्यांच्या हातात द्या. त्यांच्या सूचना तिथेच बॅकलॉगमध्ये नोंदवा, पण तिथल्या तिथे "करून देतो" म्हणू नका.

अपूर्ण राहिलेल्या स्टोरीला अर्धे पॉइंट देऊ नका. "डन" झाली तर पूर्ण, नाहीतर शून्य. आणि ती आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलू नका. बॅकलॉगमध्ये परत टाका आणि प्रॉडक्ट ओनरला तिचा क्रम नव्याने ठरवू द्या. कधी कधी ती आता वरची राहिलेली नसते, आणि स्पिलओव्हरच्या (अपूर्ण काम पुढे ढकलण्याच्या) सवयीमुळे ते कोणी विचारतच नाही.

रेट्रोमध्ये दहा सुधारणांची यादी करण्यापेक्षा एकच निवडा. तिला टिकीट द्या, एका माणसाचं नाव द्या आणि पुढच्या प्लॅनिंगमध्ये टप्पा ३ चा हिशेब करताना तिचाही वेळ वजा करा. कुठून सुरू करावं कळत नसेल तर स्पिलओव्हर झालेल्या स्टोरीज समोर मांडा आणि प्रत्येकीवर लिहा की ती नेमकी कुठे अडली: अर्थ कळला नव्हता, बाहेरच्या टीमवर अवलंबून होती, कोड रिव्ह्यूला थांबली होती की वेळच नव्हता. सर्वांत जास्त वेळा जे कारण येईल, त्याचा टप्पा पुढच्या स्प्रिंटमध्ये आधी दुरुस्त करा.